गोटीसाठी बाटली फोडू नका

उन्हाळ्यात आपल्या गावात जुने उकिरडे उकरून शेतात खत टाकतात. तेव्हा खतातून शाईच्या दौती, औषधाच्या बाटल्या आणि गोटी सोड्याच्या बाटल्या निघतात. काही मुले सोड्याची बाटली दगडावर आपटतात आणि आतली गोटी काढून घेतात. हे मला मुळीच पटत नाही.

ही बाटली साधीसुधी नाही. इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७२ साली ती शोधून काढली. तिच्या तोंडात रबराची चकती असते. सोड्याचा गॅस गोटीला वर ढकलतो, गोटी चकतीला घट्ट चिकटते, मग बूच लागतच नाही! गुरुजींनी सांगितले, की तिकडची पोरंसुद्धा गोटीसाठी बाटल्या फोडायची, म्हणून जुन्या बाटल्या थोड्याच उरल्या. आपण तरी शहाणे होऊ या. गोटी वाण्याच्या दुकानात मिळते. जुनी बाटली कुठल्या दुकानात मिळणार?

कोणी म्हणतात, "उकिरड्यातली घाण ती, भंगारात घाला." पण भंगारवाल्याला जुनी बाटली आणि कालची बाटली सारखीच. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. केळकरांनी लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, भांडी अशा वस्तू जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र सरकारला दिला. त्यांनी त्या वस्तू भंगार समजल्या असत्या तर आज आपल्याला काय दिसले असते?

आमच्या आजीला मी गोटीची बाटली दाखवली. ती लगेच जत्रेतल्या सोडावाल्याची गोष्ट सांगू लागली. बाटली फुटली असती तर ही गोष्ट मला कळलीच नसती.

मग काय सगळ्यांनी उकिरडे उकरत सुटायचे? नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या तळपायात काच घुसली. त्याला टाके पडले आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले. उकिरड्यात विंचू असतो, सापही असतो. औषधाच्या बाटलीत काय उरले असेल ते सांगता येत नाही, म्हणून तिचे बूच काढू नये, वासही घेऊ नये. शिवाय उकिरडा कुणाच्या तरी मालकीचा असतो. न विचारता उकरणे बरे नव्हे.

म्हणून माझी पालकांना विनंती आहे. खत भरताना चांगली बाटली निघाली तर बांधावर फेकू नका. तिथे ती फुटते आणि माणसाच्या, बैलाच्या पायात जाते. ती शाळेत आणून द्या. कोणाच्या उकिरड्यात, किती हात खोल सापडली तेही सांगा. आम्ही ती धुऊन, चिठ्ठी लावून फळीवर ठेवू. आपल्या गावाचा इतिहास पुस्तकात छापलेला नाही. तो थोडा तरी आपल्या शाळेत राहावा, असे मला वाटते.

— इयत्ता ४ थी