सरकारी धर्माची किंमत

राज्यकर्त्याने आपला धर्म राज्याचा मानला की त्या धर्माच्या लोकांना बरे वाटते. आपला राजा, आपले खाते, आपल्या इबादतगाहला सरकारी मदत. या मदतीचा हिशेब उशिरा येतो आणि तो क्वचितच राजाच्या नावावर निघतो. तो सामान्य माणसाच्या दारात येतो. परभणी जिल्ह्याला हे दुसऱ्या कुणाकडून शिकायची गरज नाही.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे धार्मिक कामकाजासाठी ‘उमूर-ए-मजहबी’ नावाचे स्वतंत्र खाते होते. इंग्रजी कागदांत त्याला ‘एक्लेझिअॅस्टिकल डिपार्टमेंट’ म्हणत. शब्दशः अर्थ घ्यायचा तर चर्चचे खाते. मशिदी, दर्गे, काझी आणि मंदिरांची अनुदानेही त्याच्याच कक्षेत येत. मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्यासारख्या विद्वानाने सद्र-उस-सुदूर हे त्यातले मोठे पद भूषवले.

या खात्याचे चित्र एकाच रंगात रंगवणे अन्यायाचे होईल. निजाम सरकारने मंदिरांना अनुदाने दिली, पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारत प्रकल्पालाही पैसा दिला. पण देणारा हात मायेचा असला तरी शिक्का त्याच्याच हातात होता. संस्थानात मुस्लिम साधारण आठात एक. बाकी सातांना मंदिर बांधायचे तर याच खात्याची परवानगी लागे. ती वेळेवर मिळत नाही ही तक्रार वाढत गेली आणि 1938-39 मध्ये आर्य समाजाच्या सत्याग्रहात हजारो लोक तुरुंगात गेले. अनुदान ही मेहरबानी असते, हक्क नव्हे, हे त्या लोकांना कळले होते.

पुढे रझाकारांनी राज्य आणि धर्म एकच असल्याची भाषा सुरू केली. त्यांच्या अत्याचारांच्या आठवणी मराठवाड्यातल्या गावागावांत आहेत आणि त्या नाकारणे आपल्याला शोभणार नाही. या भाषेला विरोध करणारेही मुस्लिम होते. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहिले. ऑगस्ट 1948 मध्ये त्यांची हैदराबादेत हत्या झाली. राज्याचा धर्म ठरला की त्या धर्मातल्या वेगळ्या मताच्या माणसालाही जागा उरत नाही.

मग हिशेब आला. पोलीस कारवाईनंतरच्या हिंसेची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. निजाम मात्र पुढे राजप्रमुख झाले. दरबाराशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा शेतमजुरांनी, विणकरांनी आणि त्यांच्या विधवांनी किंमत मोजली.

ही केवळ आपली कहाणी नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजांनी 1510 पासून सत्ता आणि चर्च एकत्र नांदवले. 1560 च्या सुमारास मंगेशीचा देव कुशस्थळीहून फोंड्याकडे हलवावा लागला. त्याच वर्षी सुरू झालेले इन्क्विझिशन मधला थोडा काळ वगळता 1812 पर्यंत चालले. त्याचा चाबूक मुख्यतः कुणावर उठला? बाप्तिस्मा झालेल्यांवर, म्हणजे चर्चच्या आपल्याच लेकरांवर. आणि ज्या सरकारने चर्चला मोठे केले त्याच सरकारने 1830 च्या दशकात गोव्यातले मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा आजही उभा आहे.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. तिथला एक साधा नियम सांगतो. सिस्टिमचा अधिकार आपण माणूस पाहून देतो, पण तो खरे तर खुर्चीला मिळतो. आज खुर्चीवर भला माणूस असेल, उद्या कोण असेल ते ठाऊक नसते, आणि पासवर्ड तर तोच राहतो. धर्माच्या नोंदी, नेमणुका आणि जमिनी सरकारच्या हाती सोपवताना आपल्या पूर्वजांनी खुर्चीवरचा माणूस पाहिला.

मराठवाड्यातली खिदमतमाश जमीन हेच सांगते. मशीद, दर्गा किंवा मंदिराच्या सेवेसाठी ती दिली गेली. सेवा करणाऱ्याने उत्पन्न खावे, मालक होऊ नये. त्या काळचे मुंतखब उर्दूत, नंतरच्या खासरा पाहणीत नोंद वेगळी, आणि सातबाऱ्यावर नाव तिसऱ्याचेच, असे किती गट नंबर आपल्या जिल्ह्यात सापडतील! 2025 च्या वक्फ सुधारणा कायद्यानंतर ‘उमीद’ पोर्टलवर नोंदणीची धावपळ सुरू झाली, तेव्हा अनेक मुतवल्लींना पहिल्यांदा कळले की आपल्याजवळ कागदच नाही. सरकार सांभाळते आहे, या भरवशावर दोन पिढ्या गेल्या.

त्या कायद्यातल्या सरकारी हस्तक्षेपाला आमचा विरोध आहे. पण तो विरोध खरा ठरायचा असेल तर दोन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, तत्त्व सगळ्यांना सारखे लावायचे. आपल्या मशिदीत सरकार नको आणि शेजारच्या देवस्थानात असले तर चालेल, असे म्हणता येणार नाही. संविधानाची 25 ते 28 ही कलमे सर्वांची आहेत. निजामाच्या काळात आठातले सात जे मागत होते, तेच आज आपण मागतो आहोत.

दुसरी, आपले दप्तर आपण ठेवायचे. परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, सेलू. प्रत्येक ठिकाणच्या जमातीने मुंतखब, सनद, खासरा आणि सातबारा एकत्र करावा. उर्दू वाचणारे बुजुर्ग हयात आहेत तोवर त्यांचे मराठी भाषांतर करून घ्यावे. वर्षाचा जमाखर्च मशिदीच्या फळ्यावर लावावा. तुराबुल हक साहेबांच्या उरुसाला सगळ्या धर्मांची माणसे येतात. ती कुठल्या खात्याच्या आदेशाने येत नाहीत. लोकांच्या विश्वासावर उभी असलेली गोष्ट सरकार बदलले म्हणून पडत नाही. त्या विश्वासाला हिशेबाचा आधार देणे एवढेच आपल्या हातात आहे, आणि ते येत्या जुम्म्यापासून सुरू करता येईल.