टायटॅनियमची हौस आणि जमिनीवरचा चेंडू

गोल्फ खेळणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. बॅगेतलं जुनं स्टीलचं थ्री वुड काढून टायटॅनियमचं घ्यावं का? विचारणाऱ्याचं बहुतेक वेळा ठरलेलं असतं, समोरच्याने फक्त ‘घेऊन टाका’ म्हणावं एवढीच त्याची अपेक्षा असते. मी तसं म्हणणार नाही. बहुतेकांना तरी नाही.

ड्रायव्हरमध्ये टायटॅनियमने बाजी मारली आणि ती रास्त होती. स्टील घनसेंटिमीटरला साधारण ७.८ ग्रॅम भरतं, टायटॅनियम ४.५. ड्रायव्हरचं डोकं २०० ग्रॅमच्या आसपास ठेवावं लागतं. तेवढ्याच वजनात ते जितकं मोठं करता येईल तितका चुकार फटकाही निभावून जातो. कॅलवे कंपनीचा १९९१ चा बिग बर्था ड्रायव्हर स्टीलचा होता, १९० घनसेंटिमीटरचा, आणि तेव्हा तो अवाढव्य वाटायचा. १९९५ मध्ये टायटॅनियमचा ग्रेट बिग बर्था आला. मग डोकी फुगतच गेली आणि शेवटी नियमांनी त्यांना ४६० वर थांबवलं.

थ्री वुडसारख्या फेअरवे वुडला एवढं फुगायचंच नसतं. त्याचं डोकं १५० ते १९० घनसेंटिमीटरचं आणि वजन ड्रायव्हरपेक्षा थोडं जास्तच, २१० ग्रॅमच्या घरात. हे गणित स्टीलमध्ये आरामात बसतं. मग टायटॅनियम कशाला? तर वरच्या भागातलं वजन वाचवायचं आणि ते तळाशी नेऊन ठेवायचं, म्हणून. कल्पना चांगली आहे. टेलरमेडने २०२० मध्ये सिम टीआय काढलं तेव्हा हेच केलं. बॉडी आणि फेस टायटॅनियमचे, वर कार्बनची टोपी आणि तळाला ८० ग्रॅमचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा उतरता पट्टा. हा पट्टा कसला, तर स्टीलचा. आणि आकार कुठला? या शतकाच्या सुरुवातीला याच कंपनीचं व्ही स्टील नावाचं फेअरवे वुड होतं, त्याचा. म्हणजे टायटॅनियमचे पैसे मोजून वाचवलेलं वजन पुन्हा स्टीलच्याच रूपाने खाली आलं, तेही जुन्याच साच्यात. त्याच मालिकेतलं स्टीलच्या बॉडीचं सिम मॅक्स अमेरिकेत ३०० डॉलरला होतं आणि टीआय ४०० डॉलरला. वरचे शंभर डॉलर कुणी मोजावेत, एवढाच खरा प्रश्न.

त्याचं उत्तर चेंडू कुठे ठेवलाय यावर आहे. गोल्फच्या चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे फेअरवेवर, टी न लावता, त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटर वर असतो. थ्री वुडचा गुरुत्वमध्य त्याहून वर राहिला की चेंडू फेसच्या खालच्या भागावर लागतो, कमी उसळतो, आणि वेगातही मार खातो. म्हणून जमिनीवरून मारायचं वुड बुटकं हवं, फेस उथळ हवा. नव्वदच्या दशकात बार्नी अ‍ॅडम्स यांच्या टाइट लाइज वुडने अमेरिकेतल्या हौशी खेळाडूंना वेड लावलं ते याच गुणावर. त्याचं डोकं जणू उलटं केल्यासारखं होतं, वर अरुंद आणि खाली रुंद, आणि ते स्टीलचं होतं.

याउलट टूरवरच्या खेळाडूंसाठी बनणाऱ्या वुडचा फेस पुष्कळदा उंच असतो. त्यांना ते टीवरून ड्रायव्हरच्या जागी मारायचं असतं, आणि टीवर ठेवलेल्या चेंडूला उंच फेस सोयीचा. आपल्याकडे एप्रिल-मेमधल्या कडक, विरळ गवताच्या फेअरवेवर तोच उंच फेस घेऊन उभं राहिलं की चेंडूखाली जायला जागाच सापडत नाही. पहिला फटका टॉप होतो, दुसरा जमीन उकरतो आणि दोष स्विंगला दिला जातो.

आता लांबीची गोष्ट, कारण विक्री तिच्यावरच होते. टायटॅनियमचा फेस जास्त लवचीक, हे खरं. पण फेस चेंडूला किती उसळी देऊ शकतो यालाही नियमांची मर्यादा आहे, उसळीचा गुणांक ०.८३ च्या आसपास. समजा तुमच्या जुन्या वुडचा ०.८० आहे आणि नव्याने मर्यादा गाठली. चेंडूच्या वेगात फरक पडतो पावणेदोन टक्क्यांच्या आतबाहेर. २०० यार्ड मारणाऱ्याला चार यार्ड. तेही फेसच्या बरोबर मध्यावर लागला तर. शिवाय आजचं पातळ आणि चिवट मॅरेजिंग स्टील त्या मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ जातं, त्यामुळे हे चार यार्ड नव्या स्टीलच्या वुडमधूनही बहुतांशी मिळतात. चार यार्ड तर ग्रिप घसरल्यानेही जातात.

टूरवाल्यांचा दाखला देणाऱ्यांसाठी हेन्रिक स्टेन्सन. २०१६ ची ओपन त्याने रॉयल ट्रूनला जिंकली. शेवटच्या दिवशी ६३, एकूण २६४, पारच्या २० खाली, आणि फिल मिकलसन तीन फटक्यांनी मागे. तो टीवरून सारखं थ्री वुडच काढत होता, आणि ते होतं पाच वर्षांपूर्वीच्या मालिकेतलं कॅलवेचं पोलादी डायब्लो ऑक्टेन टूर. वर्षावर्षाला नवी मॉडेलं समोर येत असताना त्याने ते बॅगेतून हलवलं नाही.

मग टायटॅनियम घेऊच नये का? जो वेगवान स्विंग करतो, अरुंद होलवर ड्रायव्हर बॅगेतच ठेवतो आणि थ्री वुड दहापैकी आठ वेळा टीवरून मारतो, त्याने खुशाल घ्यावं. ज्याचं थ्री वुड पार पाचवर दुसऱ्या फटक्यालाच बाहेर निघतं, त्याने ते पैसे शाफ्ट नीट बसवून घेण्यावर खर्च करावेत, किंवा फाइव्ह वुड घ्यावं. थ्री वुडचा लॉफ्ट १५ अंशांचा, फाइव्हचा १८ ते १९. या तीन-चार अंशांनी हौशी खेळाडूला जितकं मिळतं तितकं धातू बदलून मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनं घेणाऱ्यांनी मात्र डोळे उघडे ठेवावेत. फेसवर पट्टी आडवी धरून बघा, मध्ये खळगा दिसला तर नको. शाफ्ट जिथे डोक्यात शिरतो तिथे बारीक तडा असतो, तो नखाला लागतो. डोकं कानाशी नेऊन हलवा. आत काही खुळखुळलं तर सुटलेला गोंद असू शकतो किंवा त्याहून वाईट काही. आणि कुणी जुनं वुड ‘टायटॅनियमचं आहे’ म्हणून चढ्या भावाने गळ्यात मारू लागला तर खिशात फ्रिजवरचं साधं चुंबक ठेवा. टायटॅनियमच्या फेसला ते चिकटत नाही. वुडसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या १७-४ स्टीलला चिकटतं. सिम टीआयसारख्या वुडच्या तळाला चिकटेल, कारण तिथे स्टील आहेच, म्हणून चुंबक फेसलाच लावायचं.

दुकानातल्या हिरव्या मॅटवर मारून मात्र काही ठरवू नका. मॅटवर डोकं चेंडूच्या दोन इंच आधी टेकलं तरी घसरत पुढे जातं आणि पडद्यावर २१० यार्डांचा आकडा उमटतो. तुमचं जुनं वुड सोबत न्या, नवं मागून घ्या, आणि टी न लावता गवतावरून दोन्हींनी दहा-दहा चेंडू मारा. सर्वांत लांब गेलेला चेंडू मोजू नका, सर्वांत वाईट पडलेले तीन मोजा. त्या तिनांत नवं वुड सरस ठरलं तरच पाकीट काढा.