मंडळाच्या पत्रकात काय छापावे?

स्वयंसेवी मंडळाचे पत्रक बहुधा चार पानांचे असते. त्यामुळे त्यात काय घ्यावे, हा प्रश्न वस्तुतः काय वगळावे, हाच असतो. पुष्कळ ठिकाणी त्याचा निर्णय छापखान्याची घाईच करून टाकते. अध्यक्षांचे भाषण येते, पाहुण्यांची नामावली येते, आणि उरलेल्या जागेत ब्लँकेट स्वीकारणाऱ्या एखाद्या वृद्धेचे छायाचित्र येते. भाषणाने वाचक कंटाळतो, एवढाच भाषणाचा दोष. छायाचित्राचा दोष याहून मोठा आहे, आणि त्याविषयीच आज आम्हांला आमच्या वाचक कुटुंबांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

मोठ्या शहरात मदत घेणारा आणि पत्रक वाचणारा बहुधा एकमेकांना ओळखत नाहीत. गावात ते एकाच दुकानावर उभे राहतात, एकाच मिस्साला येतात. त्या वृद्धेचा नातू ज्या वर्गात बसतो, त्या वर्गातील मुलांच्या घरीही ते पत्रक जाते. नाव गाळून 'खालच्या गल्लीतील एक विधवा भगिनी' असे लिहिल्याने काही झाकले जाते, असे समजू नये. खालच्या गल्लीत विधवा एकच असेल, तर ते शब्द म्हणजे तिचे नावच होय.

संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाची सोसायटी अनेक धर्मग्रामांत कार्य करीत आहे. 23 एप्रिल 1833 रोजी पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांचे मित्र प्रथम एकत्र आले, ते एका वृत्तपत्राच्या कचेरीत. त्यांचे पहिले अध्यक्ष एमॅन्युएल बायी हे त्याच पत्राचे संपादक होते. प्रसिद्धीचे साधन असे हाताशी असताना या तरुणांनी गरिबांच्या घरी स्वतः जाऊन त्यांची विचारपूस करण्याचा मार्ग पत्करला. सभेत वर्गणीची थैली फिरे, तीही अशी की, कोणी किती टाकले हे शेजारी बसलेल्यालाही कळू नये. एकूण रक्कम मात्र हिशेबात येई. पुढे 1848 पासून सोसायटीने आपले पत्रकही काढले. म्हणजे मौन आणि पत्रक यांचे वैर नाही. रक्कम उघड असावी आणि माणूस झाकलेला असावा, एवढाच त्यातील विवेक आहे.

हाच विवेक आपल्या पत्रकास लावून पाहावा. पहिल्या पानावर जमाखर्च असावा. मागील शिल्लक किती, जमा किती, खर्च कोणत्या कामावर, उरले किती, हे सर्व त्यात यावे. हातचे काम का अडले, हेही लिहावे. त्याने मंडळाची पत वाढते. पुढील सभेची तारीख, विधवा वेतनाच्या अर्जास लागणारे दाखले आणि ते मिळण्याचे ठिकाण, या गोष्टी छापल्या तर ज्याला मदतीची गरज आहे त्यालाही ते पत्रक हवेसे वाटेल. ज्याने आपला टेम्पो दिला वा चार दिवस राबून कौले शाकारली, त्याचे आभार एका ओळीत मानावेत. निवडणुकीचा प्रचार आणि आपसांतील तंटे यांना तेथे थारा नसावा.

यावर कोणी म्हणेल, "छायाचित्र पाहिल्यावाचून देणगीदार पैसे देत नाहीत, आणि त्या बाईंची संमती आम्ही घेतली होती." देणगीदाराला आपला पैसा कोठे गेला हे विचारण्याचा अधिकार निश्चित आहे. तो हिशेबाने पुरा होतो. खर्चाच्या पावत्या कार्यवाहांकडे कोणीही पाहाव्यात, अशी सूचनाही छापता येईल. संमतीविषयी म्हणाल, तर जिने ब्लँकेटसाठी हात पुढे केला आहे, तिला त्याच क्षणी 'नको' म्हणता येते काय? तशा संमतीवर विसंबून राहणे आम्हांला न्याय्य वाटत नाही.

मुलांच्या बाबतीत तर कायदाच आहे. बालन्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 अन्वये संरक्षणाची व देखभालीची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र छापून त्याची ओळख उघड करण्यास मनाई आहे. ती मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निराधार मुलांसाठी झटणाऱ्या मंडळांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आमची एक व्यवहार्य सूचना आहे. मजकूर छापखान्यात धाडण्यापूर्वी पदाधिकारी नसलेल्या दोघांनी तो मोठ्याने वाचावा. त्यांपैकी एक जण शक्यतो कधीकाळी स्वतः मदत घेतलेला असावा. ज्या ओळीवर तो अडखळेल, ती ओळ खुशाल काढून टाकावी. चार पानांच्या पत्रकातून दोन ओळी कमी झाल्या, तर मंडळाचे काही उणे होत नाही.