अंतर ठरलेले, मग हक्क वेळेवर का?
मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर आहे. ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेग असलेले जेट विमान चढउतार धरूनही हा पल्ला साधारण पावणेदोन तासांत गाठते. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ छापलेली असते, कारण ती निव्वळ उड्डाणाची वेळ नसतेच. विमानाने एक गेट सोडल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा तो ‘ब्लॉक टाइम’ असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही असूनही एका वेळी एकच वापरता येते. पुशबॅक झालेले विमान टॅक्सीवेवर इंचाइंचाने पुढे सरकते, उतरणारे विमान आकाशात घिरट्या घालते, आणि हा रोजचा खोळंबा कंपन्या वेळापत्रकात आधीच धरून ठेवतात.

दोन तास सांगून अडीच तासांनी पोचवण्यापेक्षा आधीच जास्त वेळ सांगितलेली बरी, हे म्हणणे रास्त आहे. वेळापत्रकात थोडी सैल जागा हवीच. मुंबईहून लंडनला जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून परतीपेक्षा जायलाच जास्त वेळ लागतो. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून युरोपला निघालेल्या विमानांना वळसा पडू लागला. याचा दोष कोणत्या कंपनीला देणार? आक्षेप वेगळाच आहे. कंपनी स्वतः ठरवते तो ब्लॉक टाइम आपल्याकडे प्रवाशाच्या हक्काचा मापदंड झाला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमानुसार ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल, तर उड्डाणाला दोन तास उशीर झाल्यावर प्रवाशाला खाणेपिणे द्यावे लागते. तो अडीच तासांच्या वर गेला की हीच मर्यादा तीन तासांची होते. मुंबई ते कोलकाता हे अंतर साडेसोळाशे किलोमीटरच्या थोडे पुढे. हवेतला वेळ अडीच तासांच्या आत, पण रांगेतली मिनिटे मिळवली की छापील वेळ सहज त्यापलीकडे जाते. म्हणजे धावपट्टीवरच्या गर्दीपायी, लहान मूल किंवा मधुमेही आई सोबत असलेल्या प्रवाशाने आणखी एक तास उपाशी थांबायचे. कोणी हे मुद्दाम करते असे मी म्हणत नाही. पण नियमात ती फट आहे, आणि ती बुजवलीच पाहिजे.

युरोपीय संघाने २००४च्या नियमात हाच प्रश्न अंतरावर सोडवला. तिथे दोन, तीन आणि चार तासांचे टप्पे १५०० आणि ३५०० किलोमीटरवर बांधलेले आहेत, आणि अंतर पृथ्वीच्या गोलावरून मोजले जाते. विमानाने वाटेत कितीही वळसा घेतला तरी तो आकडा हलत नाही. आपल्याकडेही टप्पे असेच अंतरावर बांधावेत. यामुळे गर्दीच्या विमानतळांवरच्या कंपन्यांवर अन्याय होईल, असे म्हणता येणार नाही. उशीर ठरलेल्या सुटण्याच्या वेळेपासूनच मोजायचा आहे, वेळापत्रकात हवी तेवढी सैल जागा ठेवायलाही मोकळीक आहे. किती किलोमीटरवर रेघ ओढायची यावर वाद घालता येईल. मुंबई-कोलकाता दोन तासांच्या टप्प्यात असावे, असे मला वाटते, कारण तिथला प्रवासी आज केवळ काही मिनिटांनी बाहेर पडतो. सोबत आणखी एक काम डीजीसीएने करावे. विमानाने गेट सोडले, चाके जमिनीवरून उचलली, पुन्हा टेकवली आणि ते गेटला लागले, या चारही वेळा विमानातली यंत्रणा आपोआप नोंदवते. अमेरिकेत त्यावरून टॅक्सीचा आणि हवेतला वेळ वेगवेगळा प्रसिद्ध होतो. आपल्याकडेही तो मार्गवार दरमहा जाहीर झाला, तर मुंबईच्या जमिनीवर नेमकी किती मिनिटे जातात आणि नवी मुंबईचा विमानतळ त्यातली किती वाचवतो, हे तिकीट काढणाऱ्याला कळेल.