फरदड आपल्या शेतात, नोटीस शेजाऱ्याला



कापसाची गाडी खरेदी केंद्रावर लावून दोन-दोन रात्री थंडीत काढण्याचा अनुभव तुम्हाला नवा नाही. तिसऱ्या दिवशी ग्रेडर येतो, मूठभर कापूस उचलतो, धागा ताणून पाहतो आणि सांगतो, "ओल जास्त आहे. ग्रेड खाली." ओल कशाने मोजली, कोणासमोर मोजली, मागून आलेली व्यापाऱ्याची गाडी बिनबोभाट आत कशी गेली, हे विचारायचे नसते. विचारले तर गाडी परत. माप धरणारा तोच, ग्रेड ठरवणारा तोच आणि माल घेणाराही तोच.

असेच एक केंद्र बेल्जियममधल्या ब्रसेल्स शहरात आहे. तिथे कापसाची नव्हे, देशांची ग्रेड ठरते. माप धरतो युरोपीय संघ.

५ डिसेंबर २०१७ रोजी या संघाच्या अर्थमंत्र्यांनी एक काळी यादी जाहीर केली. कर बुडवणाऱ्यांना आसरा देणारे, करांच्या बाबतीत सहकार्य न करणारे देश आणि प्रदेश, अशी ती यादी. संघाबाहेरच्या ९२ देश-प्रदेशांना कागद दाखवायला सांगितले होते. त्यातले १७ काळ्या यादीत गेले आणि ४७ जणांनी "सुधारतो, मुदत द्या" असे लिहून दिले, ते करड्या यादीत. काळ्या यादीतली नावे वाचा: मंगोलिया, नामिबिया, ट्युनिशिया, सामोआ, पलाऊ, ग्रेनाडा, सेंट लुसिया, त्रिनिदाद. पनामा आणि अमिरातीही होते, ते मान्य. पण मंगोलिया! मेंढ्या-घोडे पाळणाऱ्यांचा देश. आणि नामिबिया, आपल्यापेक्षा कोरडा, ज्याच्या पोटात वाळवंट आहे. जगातला चोरीचा पैसा मंगोलियाच्या गवतात पुरलेला आहे, असे ज्याला वाटत असेल त्याने हात वर करावा.

मग ही नावे आली कशी? यात ग्यानबाची मेख आहे. नामिबियावर ठपका काय, तर श्रीमंत देशांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या करविषयक मंचाचा तो सभासद नव्हता, अमक्या करारावर त्याची सही नव्हती, तमके किमान नियम त्याने लागू केलेले नव्हते, आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांना त्याने सवलती दिल्या होत्या. ज्या नियमांच्या बैठकीला नामिबियाला बोलावले नव्हते ते नियम पाळले नाहीत, म्हणून नामिबिया काळा. आणि स्वित्झर्लंड? ज्याच्या बँकांचे नाव आपल्या गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, तो स्वित्झर्लंड करड्या यादीतच राहिला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथूनही सुटला. काळ्या यादीत तो एक दिवससुद्धा नव्हता.

बैठकीत हा विषय काढला की प्रश्न येतो: याचा आमच्या कापसाशी, ज्वारीशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. उत्तर सोपे आहे. फवारणीच्या औषधावर तुम्ही १८ टक्के जीएसटी भरता. लाखाचे औषध, १८ हजार कर. व्यापाऱ्याला, कारखानदाराला भरलेला जीएसटी पुढे वळता करून घेता येतो. तुमच्या कापसावर, ज्वारीवर तुम्ही कर लावतच नाही, म्हणून तुम्हाला वळता करायला काही उरत नाही. तो १८ हजार तुमच्या उरावर. आणि ही रक्कम पीक आले की नाही, नफा झाला की तोटा, हे पाहून ठरत नाही. आता दुसरे टोक पाहा.

ॲपल ही अमेरिकन कंपनी. युरोपातला धंदा ती आयर्लंडच्या वहीवर दाखवत असे. युरोपीय आयोगानेच ३० ऑगस्ट २०१६ रोजी जाहीर केले की तिच्या एका उपकंपनीला २०१४ साली नफ्यावर पडलेला कर होता ०.००५ टक्के. म्हणजे लाखाच्या नफ्यावर पाच रुपये. आयोगाने हुकूम काढला की आयर्लंडने १३ अब्ज युरो वसूल करावेत. तर आयर्लंडचे सरकार कोर्टात गेले. कशासाठी? ते पैसे आम्हाला नकोत म्हणून! आठ वर्षे भांडण चालले. १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने आयर्लंडच्या विरुद्ध निकाल दिला, तेव्हा कुठे त्या सरकारने आपल्याच तिजोरीत पैसा येऊ दिला. ज्या देशाला येणे असलेला कर नको असतो, तो देश काय कमावत असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

हा आयर्लंड कोणत्या यादीत आहे? कोणत्याही नाही. असू शकतच नाही. कारण यादी फक्त संघाबाहेरच्यांसाठी आहे. आतल्या देशांची तपासणी या मापाने होतच नाही. लक्झेंबर्गचे गुपित करार नोव्हेंबर २०१४ मध्ये वर्तमानपत्रांनी चव्हाट्यावर आणले. लक्झेंबर्ग यादीत नाही. नेदरलँड्स नाही, माल्टा नाही, सायप्रस नाही. हे आमचेच म्हणणे आहे असे समजू नका. युरोपच्या संसदेनेच मार्च २०१९ मध्ये ठराव करून सांगितले की बेल्जियम, सायप्रस, हंगेरी, आयर्लंड, लक्झेंबर्ग, माल्टा आणि नेदरलँड्स या सात सभासद देशांत करबुडव्यांच्या आश्रयस्थानाची लक्षणे दिसतात. संसद बोलली. यादी ठरवणारे अर्थमंत्री ऐकून घरी गेले.

आम्ही कृषीची पदवी घेतली, तेव्हा किडीच्या बंदोबस्ताचा पहिला धडा हाच होता की कीड कुठे मुक्काम करते ते आधी पाहा. ही यादी निघाली त्याच हिवाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने उभा कापूस पोखरला होता. तेव्हा गावोगाव सांगत फिरलो: फरदड ठेवू नका, पऱ्हाट्या उपटा, अळी तिथेच दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. समजा एखाद्या बड्या वावरवाल्याने आपल्या पन्नास एकरांत मार्चपर्यंत फरदड उभी ठेवली आणि धुऱ्यापलीकडच्या दोन एकरवाल्याला नोटीस पाठवली की तुझ्या बांधावर अंबाडीची दोन झाडे दिसली. त्याला तुम्ही काय म्हणाल? गॅब्रिएल झुकमन आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला आहे की २०१५ साली बहुराष्ट्रीय कंपन्यांनी परदेशात कमावलेल्या नफ्यापैकी ३६ टक्के नफा करचुकवेगिरीच्या ठिकाणी वळवला गेला, आणि त्यातला सर्वांत मोठा लोंढा गेला आयर्लंडकडे. फरदड कोणाच्या शेतात आहे ते यावरून कळते.

आत कोणी हात का घालत नाही, तेही समजून घ्या. युरोपीय संघात करांचा निर्णय एकमताने लागतो. एका देशाने मान हलवली नाही तर गाडी अडते. त्यामुळे लक्झेंबर्गला शिस्त लावायची तर लक्झेंबर्गची संमती लागते! सामोआला शिस्त लावायला सामोआची संमती लागत नाही. १९९८ पासून या संघाचा एक आचारसंहिता गट आहे, त्यात सभासद देशांच्या अर्थखात्यांचे अधिकारी बसतात, दारे बंद करून. यादीची छाननी तोच गट करतो. नातलगांच्या पंचायतीत नातलगावर दंड बसत नाही, हे आपल्याला सांगायला नको.

नाते तुटल्यावर काय होते तेही दिसले. केमन बेटे ब्रिटनच्या ताब्यातली. लोकसंख्येपेक्षा कंपन्या जास्त, अशी ख्याती. ब्रिटन संघात होता तोवर केमन काळ्या यादीत गेले नाही. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला आणि १८ फेब्रुवारीला केमन काळ्या यादीत! गुंतवणूक निधींचे नियम मुदतीत केले नाहीत, हे अधिकृत कारण. ऑक्टोबरमध्ये ते बाहेरही आले. ज्यांना योगायोगावर विश्वास ठेवायचा आहे त्यांनी खुशाल ठेवावा.

आणि सर्वांत बलदंड गिऱ्हाईक? अमेरिकेच्या ताब्यातली ग्वाम आणि अमेरिकन सामोआ ही बेटे पहिल्या यादीपासून आहेत. खुद्द अमेरिका मात्र कधीच नाही. जगभरच्या शंभरावर देशांनी स्वीकारलेल्या खातेमाहितीच्या देवाणघेवाणीच्या व्यवस्थेत तिने भाग घेतलेला नाही, तरीसुद्धा. नोकराला दंड, मालकाला सलाम. फिजीचे नाव २०१९ पासून यादीत आले आणि ऑक्टोबर २०२५ च्या यादीतही होते. आपल्या देशातून गिरमिटावर नेलेल्या मजुरांनी ज्याचे उसाचे मळे उभे केले, तोच हा फिजी.

यादीत नाव आले की नुसती बदनामी होत नाही. युरोपच्या काही विकासनिधींचा पैसा त्या देशातल्या संस्थांमार्फत फिरवता येत नाही. २०२१ पासून सभासद देशांनी तिथल्या व्यवहारांवर जादा कापणी, खर्चाची वजावट नाकारणे अशा शिक्षांपैकी एक तरी लावावी, असे ठरले आहे. म्हणून लहान देश धावपळ करून कागद पुरे करतात. पहिल्या यादीतले आठ जण दीड महिन्यात, २३ जानेवारी २०१८ ला, सुधारण्याचे वचन देऊन सुटले. दीड महिन्यात आठ देशांचे चारित्र्य बदलले काय? बदलले ते पत्र.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. करबुडव्या बेटांची वकिली आम्हाला करायची नाही. या यादीच्या धाकाने केमन, ब्रिटिश व्हर्जिन बेटे वगैरेंनी २०१९ पासून कायदे केले की नुसत्या पाटीवर कंपनी चालणार नाही, काही तरी खरा कारभार तिथे दिसला पाहिजे. धाकाचा उपयोग होतो. म्हणूनच तो धाक डब्लिनला आणि लक्झेंबर्गला का नाही, हा आमचा प्रश्न आहे.

आणि आपली दिल्ली काही धुतल्या तांदळाची नाही. मॉरिशसबरोबर १९८२ साली करार केला आपल्याच सरकारने. शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर मॉरिशसने घ्यायचा आणि मॉरिशस तो घेत नाही, असा कारभार. मग जगभरचा आणि फिरून आलेला आपलाच पैसा मॉरिशसच्या पाटीखाली येऊ लागला. २००३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न गेला तेव्हा सरकार कराराच्या बाजूने उभे राहिले. दुरुस्ती झाली मे २०१६ मध्ये, आणि तीही १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरपुरती. चौतीस वर्षे फरदड आपणही ठेवली होती. पण ती काढली दोन देशांनी समोरासमोर बसून. तिसऱ्या गावच्या ग्रेडरने नव्हे.

आता खरा मुद्दा. नियम करायचे तर ते सगळ्यांनी बसून करावेत, लहान-मोठा प्रत्येक देश एक मत, अशी मागणी आफ्रिकेच्या देशांनी संयुक्त राष्ट्रांत लावून धरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदान झाले. बाजूने १२५, विरोधात ४८. भारत बाजूने होता. विरोधातल्या ४८ मध्ये युरोपीय संघाचे सगळेच्या सगळे देश होते! सहकार्य करत नाही म्हणून जगाला काळी यादी लावणारे, सहकार्याच्या कराराची चर्चा सुरू करायलाच विरोध करत होते. चोराच्या उलट्या बोंबा दुसऱ्या कशाला म्हणतात? वर्षभराने चर्चेची चौकट ठरली तेव्हा विरोध सोडून ते तटस्थ राहिले, एवढीच प्रगती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिका तर चर्चेतून उठूनच गेली. त्याच वर्षी २८ जूनला सात श्रीमंत देशांनी ठरवले की १५ टक्के किमान कराच्या नियमांतले मुख्य दात अमेरिकन कंपन्यांना लावायचे नाहीत. त्या नियमांचा युरोपने २०२२ मध्ये मोठा डंका पिटला होता. त्यासाठी कोणी काळी यादी काढली नाही.

या कराराचा मसुदा २०२७ मध्ये आमसभेपुढे ठेवायचा आहे. माल जिथे विकला जातो, काम जिथे होते, तिथल्या सरकारला नफ्यावर कर घेण्याचा हक्क मिळतो की नाही, हे त्यात ठरेल. तो मिळाला नाही तर सरकार पैसा आणणार कुठून, हे औषधाच्या पावतीवर लिहिलेलेच आहे.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत: भारत सरकारने या चर्चेत आफ्रिकेच्या देशांच्या बाजूने ठाम राहावे, श्रीमंतांच्या मंचावर गुपचूप वेगळा सौदा करू नये आणि कोणत्या कलमावर काय भूमिका घेतली ते संसदेत सांगावे. ठरावाची प्रत प्रत्येक तालुक्याने आपापल्या खासदाराच्या हातात द्यायची आहे, टपालाने नव्हे. पोच घ्या, तारीख टाकून घ्या आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.