विषाला वाट हवी

२ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसांचा जीव गेला. त्यांच्या स्मरणार्थ २ डिसेंबर हा दिवस देशभर राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन म्हणून पाळला जातो. या स्मरणाला आणखी एक संदर्भ आहे. त्या कारखान्याच्या आवारात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५च्या सुरुवातीला बारा कंटेनरमध्ये भरून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरला नेण्यात आला. तिथले लोक विरोधासाठी रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयांत गाजले आणि जूनअखेर हा कचरा भट्टीत जाळून संपला. उरलेल्या राखेचे काय करायचे, हा वाद त्यानंतरही चालूच राहिला.

वायूची रात्र एक होती. कचऱ्याची वर्षे मात्र चाळीस झाली, आणि तेवढा काळ आसपासच्या वस्त्यांखालचे पाणी नासत राहिले. अपघात टाळण्याचे शहाणपण आपण भोपाळकडून थोडेफार शिकलो. विषाला वेळेवर वाट करून दिली नाही तर ते स्वतःची वाट शोधते आणि ती वाट विहिरीपर्यंत जाते, हा दुसरा धडा अजून आपल्या गावकारभारात उतरलेला नाही. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांनी तर तो आधी शिकायला हवा, कारण कारखान्यांच्या विषाला वाट देण्याचे काम त्यांच्याच मातीवर चालते.

महाराष्ट्रात घातक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट लावणारे प्रकल्प मोजकेच आहेत. नवी मुंबईच्या पट्ट्यात तळोजा आणि ट्रान्स ठाणे क्रीक, नागपूरजवळ बुटीबोरी, आणि शिरूर तालुक्यात रांजणगाव. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत महाराष्ट्र एन्व्हायरो पॉवर लिमिटेडचा प्रकल्प आहे. रंगाचा गाळ, सांडपाणी प्रक्रियेतला चिखल, रासायनिक अवशेष असा कारखान्यांचा कचरा अशा ठिकाणी येतो. जे जाळण्याजोगे असते ते भट्टीत जाते. तिथे दुसऱ्या कक्षाचे तापमान अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते. ते घसरले तर डायऑक्सिनसारखी जाळण्याआधीपेक्षा घातक संयुगे तयार होतात. जे जळत नाही ते चुना किंवा सिमेंट मिसळून स्थिर करतात आणि चिकणमाती व जाड प्लास्टिकचे थर अंथरलेल्या खड्ड्यात पुरतात. त्यातून पाझरणारे पाणी वेगळे गोळा करून त्यावर प्रक्रिया करायची असते.

कारखान्याच्या कचऱ्यावर कायद्याची नजर बारीक आहे. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. प्रत्येक गाडीबरोबर सात प्रतींचे मॅनिफेस्ट असते. कुणी पाठवला, कुणी वाहिला, कुणी ताब्यात घेतला, याची नोंद त्यावर राहते. अंमलबजावणीत त्रुटी असतील, पळवाटाही असतील. तरी निदान कागदावर त्या विषाला नाव आहे, मालक आहे आणि मुक्काम आहे.

घरातल्या विषाला यातले काहीच नाही. न्हावऱ्याच्या शेतकऱ्याकडची तननाशकाची रिकामी बाटली, केडगावच्या दुकानातली फुटलेली ट्यूबलाइट, शिक्रापूरच्या भाड्याच्या खोलीतला फुगलेला मोबाइल, यवतच्या घरात मधुमेही आजोबांनी वापरलेल्या इन्सुलिनच्या सुया, रंगकाम झाल्यावर उरलेला थिनरचा डबा, मुदत संपलेल्या गोळ्यांची पुडी. यातले काही घंटागाडीत ओल्या कचऱ्याखाली दबून जाते, काही उकिरड्यावर पेटते, काही ओढ्यात पडते. शिरूरचे ओढे घोडनदीला मिळतात, दौंडचे भीमेला. पुण्याचे सांडपाणी घेऊन आलेली मुळा-मुठा याच दोन तालुक्यांच्या वेशीवर भीमेत मिसळते आणि पुढे ते सगळे पाणी उजनीत साठते. वरच्यांनी घाण केली म्हणून पुण्याकडे बोट दाखवण्याचा हक्क शिरूर-दौंडला जरूर आहे. पण उजनीकाठच्या माणसाच्या लेखी आपणही वरचेच आहोत.

एखाद्या बाटलीने किंवा सेलने काय होते, असे वाटणे स्वाभाविक आहे. सीएफएल दिव्यातला पारा अवघा काही मिलिग्रॅम असतो. पण तो नाहीसा होत नाही. पाण्यात त्याचे रूप बदलते आणि माशांमार्फत तो पुन्हा माणसाकडे येतो. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका घरातून निघणारे विष चिमूटभर असते, म्हणून त्याची दखल कुणी घेत नाही. दोन तालुक्यांतल्या सगळ्या घरांची चिमूट एकत्र केली तर तो एका कारखान्याचा कचरा होईल, आणि त्या कारखान्याला परवाना मिळणार नाही.

कायद्याने या चिमटीचाही विचार केलेला आहे. २०१६च्या घनकचरा नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ हा वेगळा प्रकार ठरवला. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल आणि ट्यूबलाइट, जुनी औषधे, फुटलेले थर्मामीटर, वापरलेले सेल आणि सुया यांची नावे त्यात घेतलेली होती. शहरांत दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याहून लहान क्षेत्र असल्यास त्यासाठी एक संकलन केंद्र असावे आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असेही ते नियम सांगत होते. शिरूर आणि दौंडच्या आकाराच्या गावांना प्रत्येकी एखादे केंद्र पुरे. वाड्यावस्त्यांवरच्या शेतकऱ्यासाठी १९७१च्या कीटकनाशक नियमांतली तरतूद आहे: रिकामे डबे पुन्हा वापरात येणार नाहीत आणि पाणी दूषित होणार नाही, अशा रीतीने त्यांची विल्हेवाट लावावी. ती नेमकी कुठे आणि कशी लावायची, याचे उत्तर बांधावर उभ्या माणसाला कुणी देत नाही.

छोट्या व्यवसायांची अडचण आणखी वेगळी आहे. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर या दोन्ही महामार्गांच्या कडेला गॅरेजांची रांग आहे. तिथे निघणारे जळके ऑइल कायद्याच्या व्याख्येत घातक कचरा आहे. नोंदणीकृत प्रकल्पात शुद्ध केले तर त्यापासून पुन्हा वंगण बनते. गटारात ओतले तर थोडेसे ऑइलही भरपूर पाणी नासवते. २०२२च्या बॅटरी नियमांनी आणि १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुना माल परत घेऊन त्याचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. वापरलेल्या तेलाबाबतही १ एप्रिल २०२४पासून तशीच जबाबदारी आली. म्हणजे या मालाला बाजार आहे आणि त्याची किंमत मोजायला कायद्याने कुणीतरी बांधलेला आहे. गॅरेजवाला आणि तो प्रकल्प यांच्यामध्ये गोळा करणारा माणूस तेवढा नाही.

खरे तर गोळा करणारा माणूस आहे. आपण त्याला मोजत नाही. भंगारवाला दारोदार फिरतो, म्हणूनच आपल्याकडचे लोखंड, तांबे आणि शिसे पुन्हा वापरात येते. पण त्याच्याकडे ना हातमोजे, ना माहिती, ना या मालाच्या व्यवहाराचा परवाना. तांब्यासाठी तो वायर जाळतो, शिशासाठी बॅटरी फोडतो आणि पहिला विषारी श्वास त्याचाच असतो. स्वस्त जळणाचा मोहही असाच आहे. दौंड तालुक्यातल्या काही गुऱ्हाळांत प्लास्टिक, जुने टायर, चपला जाळल्या जातात, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. जाळणाऱ्यावर कारवाई व्हावीच. तो माल चुलवणापर्यंत पोहोचण्याआधी त्याला दुसरा रस्ता मिळेल, हेही पाहायला हवे.

हे सगळे सांगताना एक गोष्ट आधी मान्य करावी लागेल. घातक कचऱ्याबद्दल इथल्या लोकांना उपदेश करण्याचा नैतिक अधिकार यंत्रणेने कमावलेला नाही. रांजणगावच्या प्रकल्पाशेजारच्या निमगाव भोगीसारख्या गावांनी पाण्याबद्दल तक्रारी केल्या. कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीभोवतीचे शेतकरी विहिरींबद्दल वर्षानुवर्षे बोलत आहेत. १४ ऑगस्ट २०१९च्या रात्री कुरकुंभमधल्या एका कारखान्याला आग लागली, तेव्हा आसपासच्या लोकांना घरे सोडून अंधारात निघावे लागले. ज्याच्या विहिरीचे पाणी वापरण्याजोगे उरलेले नाही, त्याला सेल वेगळे ठेवायला सांगणे त्याच्या दुःखाची थट्टा ठरेल. म्हणून घरोघरच्या वर्गीकरणाची मागणी आणि कारखानदारीच्या शेजारच्या विहिरींच्या पाण्याची नियमित, जाहीर तपासणी या दोन गोष्टी एकत्रच चालल्या पाहिजेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर, वाचता येतील अशा मराठीत लावावेत. विश्वास तिथून सुरू होईल.

अशक्य असे यात काही नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच आलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आज दारोदार कचरा गोळा करते आणि ई-कचऱ्यासाठी संकलन मोहिमाही घेते. केरळने २०२५मध्ये कोळिकोडमध्ये ‘एनप्राउड’ नावाने घराघरातली न वापरलेली औषधे गोळा करायला सुरुवात केली. ती एर्नाकुलमजवळच्या घातक कचरा प्रकल्पात जाळली जातात. कोळिकोडमध्ये गोळा केलेला माल जिल्ह्याबाहेर पाठवावा लागतो. शिरूर आणि दौंडला तसा प्रकल्प घराजवळच आहे.

मग करायचे काय? दोन्ही नगरपरिषदांनी आपापल्या गावात कायमचे संकलन केंद्र उघडावे. ग्रामीण भागासाठी पंचायत समितीने आठवडे बाजाराच्या दिवशी महिन्यातून एकदा संकलनाची गाडी उभी करावी, कारण बाजाराला घरटी एक माणूस येतोच. कृषी सेवा केंद्रांनी तीनदा धुतलेल्या, भोके पाडलेल्या बाटल्या परत घ्याव्यात. ते धुण्याचे पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचे, हे बाटली विकतानाच सांगावे. औषध दुकानात जुन्या गोळ्यांसाठी पेटी असावी. घरच्या सुया जाड, झाकणाच्या डब्यात साठवून प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वीकाराव्यात, म्हणजे त्या रुग्णालयांच्या जैववैद्यकीय कचऱ्याबरोबर जातील. भंगार व्यावसायिकांना प्रशिक्षण आणि ओळखपत्र देऊन नोंदणीकृत पुनर्वापर प्रकल्पांशी जोडावे. आणि जिथून शीतकपाटे व धुलाई यंत्रे तयार होऊन देशभर जातात, त्या रांजणगावच्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या दाराशी जुन्या उपकरणांचे संकलन केंद्र चालवावे. या दोन तालुक्यांचे पाणी आणि जमीन वापरून त्या मोठ्या झाल्या आहेत.

दुरुस्तीलाही मान मिळायला हवा. शिरूर तालुक्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करत विज्ञान शिकावे, हे तिथले सूत्र. दुरुस्त झालेला प्रत्येक पंखा, इन्व्हर्टर किंवा मोटार तेवढा काळ कचरा होत नाही आणि एखाद्या तरुणाच्या हाताला कामही देते. सुरक्षितपणे उपकरणे खोलण्याचे आणि सुटे भाग वेगळे करण्याचे शिक्षण देण्यासाठी या तालुक्याला बाहेरून कुणाला बोलवावे लागणार नाही.

राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५मध्ये झाल्या. शिरूर आणि दौंडलाही नवे कारभारी मिळाले. रस्ते, गटारे, दिवाबत्ती यांची आश्वासने प्रत्येकाने दिली असतील. नागरिकांनी त्यांच्याकडे आणखी एका गोष्टीचा आग्रह धरावा: घरगुती घातक कचऱ्याच्या केंद्राची जागा, वेळ आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव सभागृहाच्या येत्या काही बैठकांतच ठरले पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. लागते एक खोली, एक गाडी, प्रशिक्षित दोन माणसे आणि रांजणगावच्या प्रकल्पाशी एक करार. भोपाळच्या कचऱ्याला वाट मिळायला चाळीस वर्षे लागली, कारण तो हलवण्याची जबाबदारी जो तो दुसऱ्यावर ढकलत राहिला. आपल्या घरातल्या विषाची जबाबदारी कुणाची, हे दोन्ही नगरपरिषदांनी लेखी ठरवावे, आणि नागरिकांनी ते त्या केंद्रापर्यंत नेऊन द्यावे. भोपाळच्या मृतांचे स्मरण शिरूर-दौंडमध्ये याहून चांगल्या रीतीने करता येणार नाही.