समुद्रातली गेटेड सोसायटी

कोंढवा, कॅम्प किंवा मोमीनपुऱ्यातल्या कुठल्याही लग्नात हल्ली वलीम्याच्या जेवणाला बसलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो : हनिमूनला कुठं? वीसेक वर्षांपूर्वी याचं उत्तर महाबळेश्वर किंवा गोवा असायचं. हात सैल असेल तर काश्मीर. आता उत्तर मालदीव. पाण्यावर उभा असलेला लाकडी व्हिला, तिथून थेट समुद्रात उतरणारा जिना आणि त्या जिन्यावर पाठमोरी बसलेली जोडी. हा फोटो मी इतक्यांदा पाहिलाय की त्यातली माणसं बदलली तरी आता कळत नाही.

ओळखीतली तरुण मुलं विचारतात, ‘भाई, एवढे पैसे घालावेत का? सार्थकी लागतात का?’ माझं उत्तर आहे, नाही. पण ते देताना मला दोन प्रकारच्या लोकांपासून वेगळं व्हायचं आहे. एक, ज्यांना बायकोबरोबर समुद्रावर जाणं हाच इस्राफ वाटतो. कुरआन फिरायला मना करत नाही, उलट जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहायला सांगतो. दोन, जे म्हणतात पैसा त्यांचा, मर्जी त्यांची, तुम्ही कोण विचारणारे? पैसा कुणाचाही असो, तो कशासाठी मोजला जातोय हे विचारायला हरकत नसावी.

आधी हिशेब करू, कारण जाहिरातीत तो पुरता केलेला नसतो. बऱ्यापैकी रिसॉर्टमधला पाण्यावरचा व्हिला रात्रीला ८०० डॉलर धरा. याहून स्वस्त मिळतात, तिप्पट-चौपट महागही मिळतात. चार रात्रींचे झाले ३,२०० डॉलर. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. या सगळ्यावर १७ टक्के पर्यटन जीएसटी, जो जुलै २०२५ पर्यंत १६ टक्के होता. आकडा ४,१०० डॉलरच्या पुढे गेला. मग ग्रीन टॅक्स. जानेवारी २०२५ पासून तो दुप्पट झालाय, रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला १२ डॉलर. दोघांचे चार रात्रींचे ९६. रिसॉर्ट दूरच्या बेटावर असेल तर सी-प्लेन, जाऊन-येऊन माणशी चार-पाचशे डॉलर. बेरीज पाच हजार डॉलरच्या वर, म्हणजे साडेचार लाख रुपयांच्या आसपास. मुंबईहून मालेची विमानाची तिकिटं, दुपारची जेवणं, पाण्यात उतरून मासे बघायची फी वेगळी. चार रात्रींचे पाच लाख! कोंढव्यात एवढ्यात एका कुटुंबाचं दोन वर्षांचं घरभाडं निघतं.

तरीही केवळ महाग आहे म्हणून नको, असं मी म्हणणार नाही. माणूस आयुष्यात एखादी महाग गोष्ट करतो, करावी. प्रश्न असा की या पाच लाखांत नेमकं काय मिळतं? समुद्र? माफुशी नावाच्या बेटावर स्थानिक माणसांनी चालवलेली गेस्ट हाऊसेस आहेत. तिथं साठ-सत्तर डॉलरपासून खोली मिळते. पाणी तेच निळं, वाळू तीच पांढरी, मासे तेच. मग दहापट पैसे कशाचे? ते तिथल्या माणसांपासून लांब राहण्याचे आहेत.

हे माझं कल्पनारंजन नाही, त्या देशाचं धोरणच तसं आहे. मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटं आहेत आणि त्यातल्या दोनशेहून कमी बेटांवर लोकवस्ती आहे. १९७२ मध्ये पहिलं रिसॉर्ट उघडलं आणि पुढं सूत्र ठरलं : एक बेट, एक रिसॉर्ट, तेही निर्जन बेटावर. देशाची राज्यघटना बिगरमुस्लिमाला नागरिकत्व देत नाही. लोकवस्तीच्या बेटांवर दारूला बंदी आहे, रिसॉर्टवर मात्र चालते. पर्यटकांची हवा स्थानिक मुसलमानांना लागू नये, म्हणून ही फाळणी केली असं सांगितलं जातं. पण धर्माच्या नावानं उभी राहिलेली ही भिंत रिसॉर्टमालकांच्याही सोयीची होती. पर्यटनावर जगणाऱ्या त्या देशात साध्या मच्छीमाराला घरातली एखादी खोली पर्यटकाला द्यायची मुभा कित्येक वर्षं नव्हती. मौमून गयूम यांची तीस वर्षांची राजवट २००८ मध्ये संपली, त्यानंतरच लोकवस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊसेसना वाट मोकळी झाली. तोवर पैसा रिसॉर्टच्या बेटांवर येत होता आणि रिसॉर्टवरूनच बाहेर जात होता.

ज्यांना आपण या फोटोतून वगळलंय ती माणसं आपल्याला अगदीच परकी नाहीत. त्यांची दिवेही भाषा इंडो-आर्य कुळातली, म्हणजे मराठीची दूरची बहीण. दिवेही या नावातच आपला ‘द्वीप’ आहे. आपण कवडीमोल म्हणतो, फुटकी कवडी देणार नाही म्हणतो, त्या कवड्या शतकानुशतकं मालदीवच्या समुद्रातून जहाजं भरभरून हिंदुस्थानात यायच्या आणि नाणं म्हणून चालायच्या. दौलताबाद पाहून, नंदुरबारवरून पुढं गेलेला इब्न बतूता १३४३ मध्ये या बेटांवर पोचला, तेव्हा तिथं खदीजा नावाची राणी राज्य करत होती. तो तिथं काझी झाला, लग्नं केली, बायकांनी अंगभर कपडे घालावेत म्हणून हुकूम काढून पाहिले, त्यात हरला आणि अखेर वैतागून निघून गेला. काझीसाहेबांचं वागणं मला पटत नाही, पण ते लोकांमध्ये राहिले, भांडले. आज पाच लाख मोजून जाणाऱ्या पुणेकराची एकाही मालदीवी कुटुंबाशी गाठ पडत नाही. त्याचं सामान उचलणारा बहुतेकदा बांगलादेशचा, श्रीलंकेचा नाहीतर आपल्याच केरळचा असतो आणि तोही रात्री बेटाच्या मागच्या बाजूच्या कामगार वस्तीत दिसेनासा होतो.

आता मुद्द्यावर येतो. दरवाजा, पहारेकरी, आत फक्त निवडक माणसं आणि बाहेरच्यांना कामापुरता प्रवेश. ही रचना पुण्यातल्या मुसलमानाला नवी आहे का? ज्यानं या शहरात भाड्यानं घर शोधलंय, त्याला ती तोंडपाठ आहे. फोनवर सगळं ठरतं, मग नाव विचारलं जातं आणि अचानक मालकाचा भाऊ गावाहून राहायला येणार असतो. ‘आमची काही हरकत नाही हो, सोसायटीचा नियम आहे.’ ‘आम्ही फक्त व्हेज लोकांना देतो.’ माझ्या पिढीतल्या प्रत्येकाकडे अशा वाक्यांचा संग्रह आहे. १९९२-९३ नंतर कोंढवा झपाट्यानं वाढला तो काही तिथल्या हवेसाठी नाही. शहरात इतरत्र दारं बंद होत गेली म्हणून लोक तिथं गेले. मग त्याच शहरानं विचारलं, ‘तुम्ही सगळे एकाच ठिकाणी का राहता?’ आणि कोंढव्याला जी नावं ठेवली, ती इथं लिहायची गरज नाही.

भिंतीच्या बाहेर उभं राहणं काय असतं हे जाणणारे आपण, सुट्टीसाठी मात्र पैसे मोजून भिंतीच्या आत जाऊन बसतो. बाहेर ठेवलेले लोकही कोण? फजरच्या अजानला उठणारे, आपल्याच कलम्याचे मच्छीमार. ही विसंगती मला बोचते. मला परवडत नाही म्हणून ती बोचत असावी असं कुणाला वाटलं, तर वाटू द्या.

याला एक उत्तर दिलं जातं आणि ते हलकं नाही. कॅम्पात राहणारी एक भाची मला म्हणाली, ‘मामू, गोव्याच्या बीचवर मी स्कार्फ बांधून पाण्यात उतरले की लोक माझ्याकडं तमाशासारखं बघतात. हॉटेलच्या काउंटरवर आधार कार्ड दिलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. तिथं चार दिवस कुणी नाव वाचून भुवई उंचावली नाही, त्याची किंमत तुम्ही कशी लावाल?’ मी ती लावू शकत नाही. या देशात गेल्या काही वर्षांत मुसलमानाचा साधा रेल्वेचा प्रवासही धास्तीचा झालाय. अशा वेळी चार दिवसांचा मोकळा श्वास ही चैन नाही. पण मी तिला एवढंच विचारलं की हा श्वास व्हिल्यानं दिला की मालदीवनं? माफुशीतही तुझं नाव वाचून कुणी थबकणार नाही. तिथल्या बायका अंगभर कपड्यांतच समुद्रात उतरतात. बिकिनी घालणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळा किनारा आखलेला आहे, बघे लोक जमलेच तर तिथं जमतील. जेवण हलाल आहे का, हे विचारावं लागत नाही. तिला हवं होतं ते स्वस्तात मिळत होतं. तिला विकलं गेलं ते दुसरंच काहीतरी.

हे विकणाऱ्यांची हुशारी बघा. आता ‘हलाल हनिमून’ची पॅकेजेस निघालीत. खासगी पूल, खोलीत दारू नाही, जायनमाज आणि किब्ल्याची दिशा दाखवणारा बाण. पैसे नाहीत? हप्ते आहेत, आता जा आणि नंतर फेडा. व्याजावर घेतलेल्या सुट्टीत डुकराचं मांस नाही एवढ्यावर ती हलाल होत असेल, तर आपण त्या शब्दाचं फारच लहान लेबल करून टाकलंय. याहून वाईट गोष्ट मी गेल्या काही लग्नांत पाहतोय. मालदीवचं पॅकेज मुलीच्या बापाच्या खर्चाच्या यादीत येऊन बसलंय. कुणी तोंडानं मागत नाही. ‘आमच्या थोरल्याच्या सासरच्यांनी हौसेनं पाठवलं होतं,’ एवढं म्हटलं की काम होतं. जहेजमधली मोटारसायकल गेली, सी-प्लेन आलं. निकाह साधा करा म्हणून दर शुक्रवारी सांगणारी आपली मंडळी रिसॉर्टवरच्या बिकिनीवर बोलतात, मुलीच्या बापानं काढलेल्या कर्जावर क्वचितच.

या सगळ्यात जानेवारी २०२४ मध्ये देशभक्तीची भर पडली. पंतप्रधानांनी लक्षद्वीपचे फोटो टाकले, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यांच्याबद्दल अश्लाघ्य भाषा वापरली आणि निलंबित झाले. इथं बहिष्काराची लाट आली. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय मालदीवला गेले होते, त्यांत मुसलमान किती असतील? पण बुकिंग रद्द केल्याचा पुरावा ऑफिसच्या ग्रुपवर आमच्याच मुलांकडून मागितला गेला. पुढं जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान स्वतः मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून गेले आणि ४,८५० कोटी रुपयांचं कर्जसाहाय्य जाहीर करून आले. शेजाऱ्याशी संबंध सुधारले, चांगलं झालं. ग्रुपवर पुरावे मागणारे मात्र त्यावर काही बोलले नाहीत.

त्या लाटेत ‘मालदीव सोडा, लक्षद्वीपला चला’ म्हणणाऱ्या कितींना ठाऊक होतं की २०११ च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपचे ९६ टक्क्यांहून अधिक लोक मुसलमान आहेत आणि जवळपास सगळे अनुसूचित जमातीचे? की २०२१ मध्ये याच बेटांवरचे लोक घराबाहेर फलक धरून उभे होते? प्रशासक प्रफुल खोडा पटेल यांच्या काळात आलेल्या विकास प्राधिकरणाच्या मसुद्यात कुणाचीही जमीन विकासासाठी ताब्यात घेण्याची मोकळीक होती. सोबत गोमांसबंदी आणि दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांना पंचायत निवडणूक लढवायला मनाई करणारे मसुदे होते. केरळ विधानसभेनं त्याविरुद्ध ठराव केला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये ताजच्या कंपनीनं सुहेली आणि कदमत या बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची रिसॉर्ट जाहीर केली, दोन्हीकडं पाण्यावरच्या व्हिल्यांसह. म्हणजे मालदीवची नक्कल, आपल्या झेंड्याखाली. ज्या बेटांचं सगळं मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर आहे, जिथं गोडं पाणी वाळूखाली पातळ थरात साचतं आणि कवरत्तीत २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प चालवावा लागतो, तिथं हे येतंय. या बेटांच्या प्रेमाचं भरतं आलेल्यांनी तिथल्या माणसाला काय हवंय, हे एकदा तरी विचारलंय का?

तेव्हा मालदीव की लक्षद्वीप, हा खरा प्रश्न नाही. दोन्हीकडं विचारायचं ते एकच : मी दिलेला पैसा कुणाच्या हातात जाणार आणि तिथली माणसं मला भेटणार की नाहीत? समुद्र पाहायचा असेल तर जरूर पाहा. लोकवस्तीच्या बेटावर जा, एखाद्या कुटुंबाच्या गेस्ट हाऊसमध्ये राहा, त्यांच्या मशिदीत जुम्मा पढा, त्यांच्याकडचे ताजे टूना मासे खा. लक्षद्वीपचं परमिट मिळालं तर तिथंही तसंच करा. एवढंही जमत नसेल तर तारकर्ली आहे. मालवणात घरगुती निवास चालवणाऱ्या बाईंच्या हातचं जेवून या. पुण्याहून रात्रीच्या बसनं सकाळी पोचाल.

आणि लग्नाच्या बैठकीत मालदीवचा विषय निघाला, तर मुलाकडच्या एखाद्यानं तरी तिथल्या तिथं सांगावं की आमचा मुलगा त्याच्या बायकोला त्याच्या कमाईतून नेईल. नाहीतर दोघं घरी बसून चहा पितील.